चित्रकलेचा तास बुडू नये म्हणून

फुलंब्रीवरून रोज पर्यटकांच्या गाड्या अजिंठ्याकडे जातात. इथून लेणी सुमारे ७० किलोमीटरवर. जपान, श्रीलंका, युरोप, कुठकुठून माणसे ती चित्रे पाहायला येतात. याच रस्त्याच्या कडेने दप्तर घेऊन माध्यमिक शाळेत जाणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी मात्र ती फक्त इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेली असतात.

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकला असते. पण परीक्षा जवळ आली की गणिताचे किंवा विज्ञानाचे सर तो तास मागून घेतात. त्यात त्यांचाही दोष नाही, अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. मुलांच्या मनात मात्र नकळत एक गोष्ट बसते, की चित्रकला ही उरल्या वेळेत करायची.

कायदा तसे म्हणत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक मुले असतील, तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना खेड्यापाड्यांतली मुलेही बसतात. पण गुण हे या तासाचे खरे मोल नाही. ते काय आहे, याची हकीकत याच रस्त्याच्या टोकाला सापडते.

१९०९ ते १९११ या काळात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने अजिंठ्यात राहून भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करण्याचे काम हाती घेतले. मदतीला काही तरुण आले. कलकत्त्याहून अवनींद्रनाथ ठाकूरांचे शिष्य नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार, तर हैदराबादहून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन. हलदार आले तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. लेणी निजामाच्या राज्यात, चित्रे बुद्धाच्या कथांची, त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलेले हिंदू आणि मुसलमान तरुण, आणि काम सांगणारी बाई इंग्रज! प्रत करायची तर त्या रेषेकडे तासन् तास बघावे लागते. कोणी कोणाला उपदेश करण्याची गरजच उरत नाही.

या प्रती १९१५ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. सय्यद अहमद पुढे अजिंठा लेण्यांचे अभिरक्षक झाले. त्यांची नजर ज्या भिंतींवर तयार झाली, त्याच भिंती सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले. नंदलाल बोस शांतिनिकेतनात शिक्षक झाले आणि भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन सजवली. तरुणपणी भिंतीसमोर बसून जे मिळाले, ते त्यांनी पुढच्या पिढीच्या हातात दिले.

फुलंब्रीच्या परिसरातील शाळांना असे काम करायला फार पैसा लागणार नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून भिंतीला गिलावा दिला होता. लाल आणि पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीतून, काळा काजळीतून, पांढरा चुन्यासारख्या द्रव्यातून घेतला होता. मौल्यवान निळा रंग तेवढा दूर अफगाणिस्तानातल्या दगडाचा. नववीच्या वर्गाने एका लाकडी फळीवर असा गिलावा देऊन पाहिला, त्यावर गेरूने एक कमळ काढले, तर विज्ञान, इतिहास आणि चित्रकला असे तिन्ही तास एकदमच होतील. मग गणिताच्या सरांनाही तास मागून घ्यावासा वाटणार नाही. त्यांच्यासाठी बीबी का मकबऱ्याची जाळी आहेच. कंपास आणि पट्टी घेऊन ती कागदावर उतरवायला बसले की भूमितीच सुरू होते.

दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शेकडो वर्षांची. चिंध्यांच्या लगद्यातून कागद कसा उचलला जातो, हे मुलांनी एकदा पाहावे आणि त्याच कागदावर ईदची आणि पाडव्याची शुभेच्छापत्रे स्वतः तयार करावीत. रमजान ईदच्या दिवशी शेजारच्या घरी शिरखुर्म्याच्या वाटीबरोबर असे एखादे पत्र गेले, तर ते दुकानातल्या छापील पत्रापेक्षा जास्त दिवस भिंतीवर राहील.

वर्गातल्या चाळीस मुलांमधून चित्रकार एखादाच होईल, कदाचित एकही होणार नाही. पण जुन्या भिंतीवर खिळ्याने नाव कोरण्याआधी हात थांबावा, एवढी नजर तर सगळ्यांनाच हवी. ती नजर एका दिवसाच्या सहलीत येत नाही. त्यासाठी आठवड्याचा तो एक तास बुडता कामा नये.