एकच तास, दोन भाषा

शाळेचं वेळापत्रक म्हणजे काय? एका बाजूला वार, दुसऱ्या बाजूला तास आणि प्रत्येक चौकोनात एक विषय. वेल्समधल्या द्वैभाषिक माध्यमिक शाळेत मात्र त्या चौकोनात आणखी एक गोष्ट ठरवावी लागते: हा विषय कोणत्या भाषेतून शिकवायचा?

ऐकायला सोपं वाटतं. पण बसवून पाहा! एकाच वर्गातल्या काही मुलांच्या घरी वेल्श बोलली जाते, काहींच्या घरी फक्त इंग्रजी. इतिहासाच्या बाई दोन्ही भाषांतून शिकवू शकतात, भौतिकशास्त्राच्या सरांना वेल्श येतच नाही. सुडोकूच्या प्रत्येक चौकोनात एकाऐवजी दोन आकडे बसवायचे, तसा हा प्रकार.

हा गुंता मोजायचा कसा? २००७ साली वेल्सच्या सरकारने शाळांची वर्गवारी केली. तीत द्वैभाषिक माध्यमिक शाळांचेच चार पोटप्रकार निघाले. २ए शाळेत किमान ८० टक्के विषय फक्त वेल्शमधून. २बीमध्येही वेल्शमधून ८० टक्के, पण तेच विषय इंग्रजीतूनही उपलब्ध. २सीमध्ये हे प्रमाण ५० ते ७९ टक्के. आणि २सीएचमध्ये सगळे विषय, सगळ्या मुलांना, दोन्ही भाषा वापरून! (सीनंतर डी का नाही? वेल्श वर्णमालेत सीनंतर सीएच हे स्वतंत्र अक्षर येतं म्हणून.) २०२१ मध्ये ही वर्गवारी सुटसुटीत झाली, पण मला जुनीच अधिक बोलकी वाटते.

आता आपली सेमी-इंग्रजी आठवा: गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. गंमत पाहा, वेल्समधल्या पहिल्या द्वैभाषिक माध्यमिक शाळांनीही सुरुवातीला जवळपास हीच वाटणी केली होती! १९५६ साली उत्तरेत ऱ्हिल इथे ग्लान क्लुइड ही शाळा निघाली, १९६२ साली दक्षिणेत ऱ्हिडवेलेन. इतिहास-भूगोल वेल्शमधून, विज्ञान इंग्रजीतून. पण या शाळा तिथेच थांबल्या नाहीत. संज्ञा घडवल्या, पुस्तकं लिहिली आणि हळूहळू प्रयोगशाळेतही वेल्श पोचवली. आज तिथला विद्यार्थी सोळाव्या वर्षीची विज्ञानाची परीक्षा वेल्शमधून देऊ शकतो. विषय तोच, प्रमाणपत्रही तेच, प्रश्नपत्रिकेची भाषा फक्त वेगळी.

खरी कमाल मात्र वर्गाच्या दाराआड घडते. एकाच तासात दोन भाषा आल्या की गोंधळ होणार, असंच आपल्याला वाटतं ना? बँगोरच्या केन विल्यम्स या शिक्षणतज्ज्ञाने नेमकं उलटं पाहिलं. शिक्षक मुद्दाम भाषा बदलतात. मुलं हृदयाच्या रचनेवरचा मजकूर इंग्रजीत वाचतात, गटात त्यावर वेल्शमध्ये चर्चा करतात आणि टिपणही वेल्शमध्येच लिहितात. पुढच्या वेळी उलट क्रम.

याने काय साधतं? एकाच भाषेत वाचून त्याच भाषेत उत्तर लिहायचं असेल, तर काही न समजताही परिच्छेदातली चार वाक्यं उचलून खाली उतरवता येतात. आपण सगळ्यांनीच हे केलं आहे. भाषा बदलली की ती वाट बंद! आधी समजून घ्यावं लागतं, मग आपल्या शब्दांत मांडावं लागतं. शिवाय जी भाषा लंगडी असेल, तिला प्रत्येक तासाला थोडा व्यायाम मिळतो. १९९४ सालच्या प्रबंधात विल्यम्स यांनी मांडलेली ही कल्पना आज ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ या नावाने न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या वर्गांपर्यंत पोचली आहे.

वेल्समध्ये २०२२ पासून लागू होत गेलेल्या नव्या अभ्यासक्रमाने भाषांमधली भिंतही पातळ केली. त्यातल्या सहा अध्ययनक्षेत्रांपैकी एकात वेल्श, इंग्रजी आणि परदेशी भाषा एकत्र येतात. एका भाषेत युक्तिवाद रचायला शिकलेलं मूल तेच कौशल्य दुसरीत वापरणार, हे गृहीत धरूनच आखणी.

आणि मँचेस्टरहून मधल्याच इयत्तेत येऊन दाखल झालेलं, वेल्शचं अक्षरही न ऐकलेलं मूल? ग्विनेद परगण्याने त्यासाठी १९८४ पासून भाषाकेंद्रं चालवली आहेत. मूल तिथे काही आठवडे वेल्शमध्येच खेळतं, भांडतं, गणितं सोडवतं आणि मग आपल्या शाळेत जाऊन वेल्शमधल्या तासाला बसतं.