गाडी तीच, माणूस आडवा

मोटरसायकलच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं छायाचित्र कोणतं, असं कुणी विचारलं तर मी क्षणभरही विचार करणार नाही. पांढरंशुभ्र, सपाट मैदान. त्यावर काळी मोटरसायकल. आणि तिच्यावर पालथा झोपलेला एक माणूस. पोट मागच्या मडगार्डावर, पाय मागे हवेत सरळ, हात पुढे हँडलवर. अंगात फक्त पोहण्याची चड्डी, डोक्याला अंघोळीच्या वेळी घालतात तशी टोपी, पायांत कॅनव्हासचे बूट. तेही दुसऱ्याकडून मागून आणलेले!

माझ्या वर्गात मी हे छायाचित्र दाखवत असे तेव्हा मुलं आधी हसायची. तंत्रनिकेतनात बत्तीस वर्षं मी ऑटोमोबाइल हा विषय शिकवला. हसून झालं की मी विचारायचो, ‘‘या माणसानं कपडे का काढले, सांगा.’’ मग वर्ग शांत व्हायचा. कारण त्या प्रश्नाच्या उत्तरात निम्मा विषय येतो.

त्याचं नाव रोली फ्री. अमेरिकन शर्यतपटू. १३ सप्टेंबर १९४८ या दिवशी युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे जवळपास २४२ किलोमीटर वेग गाठला. तेव्हा त्याचं वय होतं सत्तेचाळीस. अमेरिकेतला आधीचा विक्रम ज्यो पेट्रालीचा, १९३७ सालचा, ताशी १३६ मैलांचा. तो अकरा वर्षं टिकला होता. जागतिक विक्रम मात्र याहून बराच वर होता. १९३७ मध्येच जर्मनीच्या अर्न्स्ट हेन्नेनं बीएमडब्ल्यूवर ताशी २७९.५ किलोमीटर वेग गाठला होता. पण त्या गाडीला सुपरचार्जर होता आणि सगळ्या गाडीभोवती पत्र्याचं कवच होतं. दुकानात मिळणाऱ्या गाडीशी तिचं नातं नावापुरतंच.

फ्रीची गाडी होती इंग्लंडमधल्या व्हिन्सेंट एचआरडी कंपनीची, ९९८ सीसीची. कवच नाही, सुपरचार्जर नाही. ती अगदी शोरूममधली होती असं मात्र मी म्हणणार नाही. कंपनीनं त्या इंजिनावर खास हात फिरवला होता. पण मूळ सांगाडा, मूळ इंजिन विकाऊ गाडीचंच. जगातली सर्वांत वेगवान ‘स्टँडर्ड’ मोटरसायकल आमची, अशी जाहिरात ही कंपनी करत असे. तो ‘स्टँडर्ड’ शब्द महत्त्वाचा. लोक विकत घेतात ती गाडी किती पळते, याचं कुतूहल वेगळंच असतं. रॉकेटसारख्या यंत्रानं हजार मैल काढले तर आपण कौतुक करतो आणि विसरतो. आपल्या दारात उभी आहे तशी गाडी पळाली, की आपण कान टवकारतो.

त्या दिवशी सकाळी फ्री रीतसर चामड्याचा पोशाख घालूनच पळाला होता. वेग आला दीडशेच्या दोन-तीन मैल खाली. आणि वाऱ्यानं त्या पोशाखाच्या शिवणी उसवल्या. चामड्याच्या! फाटलेले तुकडे फडफडायला लागले की ते पॅराशूटसारखं काम करतात. आता करायचं काय? इंजिनातून आणखी काही निघणार नव्हतं. गाडीवर बदलण्यासारखं राहिलं होतं एकच, आणि ते म्हणजे तो स्वतः. त्यानं कपडे उतरवले, आडवा झाला आणि मिठावर ओढलेल्या काळ्या पट्ट्यावर नजर ठेवून निघाला. मैल पार झाला सुमारे चोवीस सेकंदांत.

दोन-तीन मैलांसाठी एवढं? आता हिशेब करू. फार नाही, थोडाच.

गाडी चालते तेव्हा इंजिन हवा बाजूला सारत असतं. सायकल चालवताना समोरून वारा आला की कळतं ते. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. आणि त्या चौपट विरोधाशी दुप्पट वेगानं झगडायचं, म्हणजे लागणारी शक्ती होते आठपट. आपल्याकडची साधी शंभर सीसीची गाडी घ्या. साडेसात-आठ अश्वशक्तीत ती ताशी ८५-९० पळते. तिला १७०-१८० पळवायचं तर साठ-पासष्ट अश्वशक्ती हवी. उलट बाजूनं पाहा. तुम्ही इंजिनाची ताकद एकदम दुप्पट केलीत, तरी वेग वाढणार फक्त सव्वापट. शंभराचे सव्वाशे. फ्रीला हवे होते ते दोन टक्के. त्यासाठी सहा टक्के जास्त ताकद लागली असती आणि इंजिन तर आधीच पिळून काढलेलं. पण हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी केला तर? ताकद तीच आणि वेग जास्त. माणूस आडवा झाला, फडफडणारा पोशाख गेला, झालं काम.

मोटरसायकलवर हवेच्या दृष्टीनं सर्वांत बेढब भाग कोणता, तर चालवणारा. गाडी निदान आखून-रेखून बनवलेली असते. आपण म्हणजे खांदे, कोपर, गुडघे.

म्हणूनच ‘स्टॉक’ गाडीचा विक्रम मला खऱ्या अर्थानं माणसाचा विक्रम वाटतो. बॉनव्हिलला आजही मोटरसायकलींचे ढीगभर वर्ग असतात. इंजिनाच्या आकारानुसार, सांगाड्यानुसार, इंधनानुसार. त्यात ‘प्रॉडक्शन’ नावाचा वर्ग आहे. जी गाडी लोकांना विकली जाते तीच आणायची. कवच बनवायचं नाही, सांगाडा बदलायचा नाही. सुरक्षेसाठी थोडे बदल करावेच लागतात. चालवणारा पडला तर इंजिन लगेच बंद व्हावं म्हणून त्याच्या अंगाला दोरीनं बांधलेला स्विच, टायरच्या व्हॉल्व्हला धातूची टोपणं, कारण त्या वेगात प्लास्टिकचं टोपण भरवशाचं नाही. बाकी गाडी कंपनी फिटिंग. मग स्पर्धक काय करतात? टाकीवर हनुवटी टेकवून तासन्‌तास बसायचा सराव करतात. कोपरं आत, गुडघे आत, बोटं लिव्हरवरून काढून मुठीत. वजन उतरवतात. हे सगळं गाडीत नाही, अंगात करायचे बदल.

या मैदानाचाही एक स्वभाव आहे. हिमयुगात तिथे प्रचंड सरोवर होतं. ते आटलं आणि मीठ उरलं. हिवाळ्यात त्यावर वीतभरही नाही असं पाणी साचतं, उन्हाळ्यात ते उडून जातं आणि जमीन पुन्हा परातीसारखी सपाट होते. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२८० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. तिथली हवा विरळ. विद्यार्थ्यांना मी इथे नेहमी चकवत असे. ‘‘विरळ हवेत विरोध कमी, म्हणजे गाडी जास्त पळणार ना?’’ सगळे हो म्हणायचे. पण विरळ हवेत इंजिनालाही प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. एका हातानं मिळालं ते दुसऱ्या हातानं गेलं. वर मिठाचा घर्षणविरोध काही कमी होत नाही. डांबरासारखी पकडही नाही. मागचं चाक घसरत फिरतं. चाक सांगतं एक वेग, गाडी जाते त्याहून हळू. म्हणून डांबरावर तीनशे गाठणारी गाडी मिठावर अडखळते, आणि घरून हिशेब करून आलेले लोक हिरमुसतात.

सुपरचार्जरवाल्या गाडीला ही अडचण कमी, कारण तो हवा दाबून आत भरतो. कावासाकीनं ‘निन्जा एच-टू’ ही गाडी सुपरचार्जर लावूनच बाजारात आणली. २०१८ मध्ये कंपनीतल्याच कर्मचाऱ्यांचा एक चमू ती घेऊन बॉनव्हिलला गेला आणि शिगेरू यामाशिता यांनी हजार सीसीच्या सुपरचार्ज्ड प्रॉडक्शन वर्गात ताशी ३३७.०६४ किलोमीटरचा विक्रम केला. योगायोग असा, की त्या गाडीचं इंजिनही ९९८ सीसीचं. फ्रीच्या गाडीएवढंच. मध्ये सत्तर वर्षं गेली आणि वेग वाढला शंभर किलोमीटरांनी. मला हे कमीच वाटतं. पण आठपटीचा हिशेब आठवला की कमी वाटत नाही.

त्याच वर्षी त्याच मिठावर आपल्याकडची एक गाडीही पळाली. चेन्नईच्या रॉयल एनफिल्डची ‘कॉन्टिनेंटल जीटी ६५०’. चालवणारी मुलगी अठरा वर्षांची, केय्ला रिव्हास. वेग ताशी १५७ मैल, फ्रीपेक्षा सात मैल जास्त. अर्थात त्या इंजिनात बरेच बदल केले होते, त्यामुळे तो ‘स्टॉक’ विक्रम नव्हे.

‘स्टॉक’ची व्याख्या करताना आणखी एक गाठ पडते. १९९९ मध्ये सुझुकीची ‘हायाबुसा’ आली. जपानी भाषेत हायाबुसा म्हणजे बहिरी ससाणा. ही गाडी शोरूममधून निघून ताशी तीनशेच्या पुढे जायची. स्पर्धक कंपन्या मागे लागल्या. युरोपात अशा गाड्यांवर बंदी येईल अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा कंपन्यांनी आपसात समजूत करून घेतली, की तीनशेच्या पुढे गाडी जाऊच द्यायची नाही, इलेक्ट्रॉनिक लगाम घालायचा. आता मला सांगा, तो लगाम काढला तर गाडी स्टॉक राहिली का? नटबोल्ट सगळे कंपनीचे, फक्त आतली एक आज्ञा बदलली. माझ्या वर्गात यावर भांडणं व्हायची. माझं मत विचाराल तर ती स्टॉक नाही. ग्राहकाला मिळते ती आज्ञेसकट मिळते.

आता माझ्या विक्रमाबद्दल सांगतो. घरात हा विषय निघाला की सौ. उठून आत जाते, म्हणून इथेच सांगून घेतो.

१९८१ साल. मी बावीस वर्षांचा. माझ्याकडे दोन स्ट्रोकची, अडीचशे सीसीची जुनी गाडी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा मीटर थापाडा होता. सगळेच मीटर थोडे थापाडे असतात म्हणा. खऱ्यापेक्षा कमी दाखवायचं नाही, थोडं जास्त चालेल, असाच नियम बहुतेक देशांत आहे. मीटर एकशे दहा दाखवायचा आणि मित्रांचा विश्वास बसायचा नाही. मग आम्ही तिघं लोणंद–फलटण रस्त्यावर एका सरळ तुकड्यावर गेलो. एक जण किलोमीटरच्या एका दगडापाशी लाल टॉवेल घेऊन, दुसरा पुढच्या दगडापाशी शाळेतून मागून आणलेलं स्टॉपवॉच घेऊन. मी दगड ओलांडला की टॉवेल खाली.

बसून चालवली तेव्हा वेळ आली पावणेसदतीस सेकंद. म्हणजे ताशी ९८. एकशे दहा नव्हे! माझा चेहरा पडला. खरं तर टॉवेल आणि बोटाच्या हिशेबात अर्धा सेकंद सहज इकडेतिकडे होतो आणि तेवढ्यानं दीड किलोमीटरचा फरक पडतो. बॉनव्हिलला हे काम प्रकाशकिरण करतात, टॉवेल नव्हे. पण तेव्हा कुठलं सुचायला? फ्रीचं छायाचित्र मी एका जुन्या इंग्रजी मासिकात पाहिलेलं होतं. परत पहिल्या दगडापाशी आलो, लांबून वेग घेतला आणि पालथा झालो. पाय मागे.

पस्तीस सेकंद. ताशी १०३. इंजिन तेच, पेट्रोल तेच, फक्त मी आडवा. पाच किलोमीटर फुकट मिळाले होते. मित्र उड्या मारत होता, ते मला दिसलं.

दिसलं नाही ते त्याच्या पुढचं. शेळ्यांचा कळप रस्त्यावर येत होता. ब्रेक मारायला उजवा पाय खाली घेतला आणि तो पाय सापडेना. पाय मागे लटकलेले असताना पायाखाली ब्रेकही नसतो आणि गिअरही, ही साधी गोष्ट वेगाच्या हिशेबात मी धरलीच नव्हती. पुढचा ब्रेक दाबला. आडव्या माणसाचं वजन मागे, पुढचं चाक हलकं, ते लॉक झालं. शेळ्या वाचल्या. माझं कोपर डांबरावर वीस-पंचवीस फूट घासलं गेलं. त्या खुणा आजही आहेत. वर्गात छायाचित्रानंतर मी बाही वर करून त्याही दाखवायचो आणि मग कुणी हसायचं नाही. फ्रीच्या अंगावर तर बाहीसुद्धा नव्हती. वाळलेलं मीठ कानशीसारखं असतं. तो पडला असता तर त्याच्या अंगावर कातडी राहिली नसती. त्याच्यापुढे बारा-पंधरा किलोमीटर शेळी नव्हती, बैलगाडी नव्हती, वळण नव्हतं. तेवढाच काय तो त्याच्यात आणि माझ्यात फरक.

फलटणच्या एका डॉक्टरांनी टाके घातले. शेळ्यांच्या मालकानं मला पाणी पाजलं आणि वर भरपूर शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. स्टॉपवॉच मित्राच्या हातून पडून फुटलं. त्याचे पैसे आम्ही तिघांनी भरले.

तेवढं होऊनही बरीच वर्षं मी १०३ हा आकडा सांगत असे. पुढे शिकवताना आंतरराष्ट्रीय नियम वाचले. वाऱ्याचा फायदा कुणाला मिळू नये म्हणून त्याच अंतरावर दोन तासांच्या आत उलट दिशेनं पुन्हा धावायचं असतं आणि दोन्हींची सरासरी धरायची असते. एकाच बाजूची फेरी मोजत नाहीत. आमच्या त्या दिवशीची परतीची फेरी बैलगाडीतून झाली.