वावळाची लागवड व निगा

पारशिवनी तालुक्यात वैशाखाच्या वाऱ्याबरोबर पापडीसारखी गोल, पातळ, पंखधारी फळे उडू लागली, की जवळपास वावळ आहे असे समजावे. चुरगाळलेल्या पानाचा उग्र दर्प ही त्याची दुसरी खूण. काही भागांत त्यास पापडा असेही म्हणतात.

विलायतेतील प्रसिद्ध एल्म वृक्ष हा वावळाचा कुलबंधू होय. विसाव्या शतकात बुरशीजन्य रोगाने युरोप-अमेरिकेतील लक्षावधी एल्म नष्ट झाले. रोगास दाद न देणारे वाण निपजविताना डच संशोधकांनी हिमालयातील एल्मचा उपयोग केला. परंतु ते वृक्ष थंड प्रदेशाचे. उन्हाळ्यात 45 अंशांपर्यंत तापणाऱ्या पारशिवनीत त्यांचा हव्यास कशाला? वावळ येथलाच आहे.

वावळाचे बी उगवत नाही अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. दोष बियांचा नसतो. उन्हाळ्यात गोळा केलेले बी घरात ठेवून पावसाळा लांबल्यावर पेरले, तर त्याची उगवणशक्ती बरीचशी गेलेली असते. फळे पिकून तपकिरी होताच गोळा करावीत व त्याच आठवड्यात माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत अगदी उथळ पेरावीत. वर सावली करावी. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी द्यावे. रोपे वर्षभर वाढवून पुढील पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी.

शेताच्या उत्तरेकडील बांधावर लावल्यास हिवाळ्यातील सावली रब्बी पिकावर पडत नाही. ती शेजाऱ्याच्या शेतात पडते, म्हणून त्यास आधी विचारलेले बरे! दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवावे व संत्र्याच्या बागेपासून ती दूरच असावीत. पहिली तीन वर्षे काट्यांचे कुंपण हवे, कारण पाला गुरांना आवडतो. पुढेही चाऱ्यासाठी फांद्या तोडताना शेंडा राखावा. सबंध झाड बोडके करू नये.

हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण फांद्यांवर फुले येतात व पराग वाऱ्यावर पसरतात. हे पराग कित्येकांस शिंका व दम्याचा त्रास देतात. म्हणून घर, शाळा वा दवाखान्यालगत वावळ लावू नये.

लाकूड फिकट पिवळसर असून गाडीकामास व किरकोळ सुतारकामास चालते. मात्र तोडलेला ओंडका तसाच पडू दिल्यास लवकर डागाळतो व त्यास भुंगेरे लागतात. तो लगेच चिरून फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचाव्यात.