मोहरमचा चांद आणि घराचा हिशेब

हिजरी वर्ष 354 किंवा 355 दिवसांचे, म्हणून मोहरम दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो जूनच्या आसपास येतो. पहिला पाऊस, शाळेची नवी दप्तरे, न वाळणारे कपडे. घर लावायला घ्यावे ते याच दिवसांत.

भगिनींनो, डबे-खोके विकत आणून सुरुवात करू नका. आधी सकाळ पाहा. फजरनंतर शाळेची वेळ होईपर्यंत कोण काय शोधते? चावी, टोपी, मोजे. या वस्तू दाराजवळ, मुलांचा हात पोहोचेल तिथे ठेवल्या की अम्मीच्या नावाचा निम्मा पुकारा थांबतो.

कागदांना मात्र एक अख्खी दुपार द्या, आणि मियाँ-बीवी दोघांनी बसा. निकाहनामा, जन्मदाखले, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. पावसाळ्यात पेटीच्या तळाला ओल धरते. निकाहनाम्यावरची मेहेरची रक्कम दिली गेली की बाकी आहे, हे तेव्हाच बोलून घ्या. बाकी मेहेर हे पतीवरचे कर्जच असते. पाकिटाशेजारी एक वही ठेवा. उसने घेतलेले, दिलेले, दागिन्यांचे वजन आणि जकातीची चांद्र तारीख तिच्यात असावी. अडीच टक्के काढणे सोपे. कशावर काढायचे, तिथेच गाडी अडते. अनेक घरांत हा सगळा हिशेब अब्बांना तोंडपाठ असतो, याचे कौतुक होते. पण अब्बा आजारी पडले तर देणेकऱ्यांची नावे कोणाला विचारायची? वही कुठे असते, हे मोठ्या मुलीलाही दाखवून ठेवा.