इंधनांत घालावयाचीं पूरक द्रव्यें व इंजिनाची स्वच्छता

खेड तालुक्यांतील महाळुंगे (इंगळे) हें चाकण पेठेच्या टापूंतील गांव. चाकणची पेठ कांदा-बटाट्याबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत या टापूची ओळख मोटारींच्या कारखान्यांवरून होऊं लागली आहे. बजाज कंपनीचा चाकण येथील कारखाना सन १९९९ सालीं सुरू झाला, फोक्सवॅगनचा सन २००९ सालीं. आणि सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी या गांवांच्या शिवारांत उभे राहिले. ज्या घरीं पूर्वीं बैलजोडी होती, त्या घरीं आज ट्रॅक्टर, माल वाहण्याची पिकअप व एखादी मोटार अशीं तीन-तीन इंजिनें असतात. बैलाची निगा कशी राखावी हें शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. इंजिनाच्या बाबतींत मात्र तो गॅरेजवाल्याच्या किंवा दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहतो. दुकानदार एक लहानशी बाटली पुढें करितो व सांगतो कीं, ही टाकींत ओता, इंजिन आंतून धुऊन निघेल, ॲव्हरेज वाढेल. ही बाटली घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं. कारण पेट्रोलच्या इंजिनास जें लागू पडतें तें डिझेलच्या इंजिनास पडत नाहीं, आणि जुन्या ट्रॅक्टरास जें सोसतें तें नव्या मोटारीस सोसत नाहीं.

इंजिनांत घाण सांचते ती कशी, हें आधीं पाहिलें पाहिजे. पेट्रोल फार दिवस पडून राहिलें म्हणजे त्याचा हवेशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. तो इंजेक्टरच्या तोंडाशीं व हवा आंत घेणाऱ्या झडपेच्या पाठीवर बसतो, आणि उष्णतेनें त्याचा कोळसा होतो. मग इंधनाचा फवारा सारखा पडत नाहीं. इंजिन उभ्या जागीं थरथरतें, सकाळीं लवकर सुरू होत नाहीं. डिझेलच्या इंजिनांत हाच प्रकार नोझलच्या छिद्रांशीं होतो. जुन्या ट्रॅक्टरांत डिझेल हवेच्या दाबाच्या दोनशें-अडीचशें पट दाबानें फवारलें जात असे. नव्या कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनांत हा दाब दीड-दोन हजार पटींपर्यंत चढतो. इतक्या दाबाखालीं चालणाऱ्या भागांतील फटी अत्यंत सूक्ष्म असतात, व डोळ्यांस न दिसणारा कणहि तेथें विध्वंस करूं शकतो.

इंधनांत कांहीं मिसळून इंजिन सुधारावें ही कल्पना नवी नव्हे. सन १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली याला असें आढळून आलें कीं, शिशाचें एक संयुग पेट्रोलमध्यें अत्यल्प प्रमाणांत घातलें असतां इंजिनाचें ठोके देणें थांबतें. तें द्रव्य जगभर वापरलें गेलें; पण त्याच्या धुरांतील शिसें माणसांच्या, विशेषतः मुलांच्या शरीरांत जाऊन अपाय करितें हें सिद्ध झाल्यावर तें हटवावें लागलें. आपल्या देशांत शिसेंयुक्त पेट्रोलची विक्री सन २००० सालीं पूर्णपणें बंद झाली. सध्यां बाटल्यांतून जीं द्रव्यें विकलीं जातात तीं निराळ्या जातीचीं आहेत. त्यांपैकीं पेट्रोलसाठीं जीं चांगलीं, त्यांत पॉलिइथर अमाईन नांवाचें द्रव्य असतें. त्याचें काम साबणासारखें आहे. त्याच्या कणाचें एक टोंक चिकट मळास धरतें, दुसरें पेट्रोलांत विरघळतें, आणि मळ सुटून जळून जातो. ज्या गाडीचे इंजेक्टर खरोखर माखले आहेत, तिला अशा द्रव्याचा उपयोग होतो, हें आम्हीं नाकारीत नाहीं. परंतु स्वच्छ इंजिनास तें अधिक स्वच्छ करूं शकत नाहीं. शिवाय अलीकडील कांहीं पेट्रोल मोटारींत इंधन थेट सिलिंडरमध्यें फवारलें जातें. तेथें झडपेच्या पाठीस पेट्रोलचा स्पर्शच होत नाहीं. तेव्हां टाकींत ओतलेलें औषध त्या झडपेपर्यंत पोंचणार कसें? तिची काजळी झडपेचा मार्ग उघडूनच काढावी लागते. आपली मोटार कोणत्या पद्धतीची आहे हें विकणाऱ्यास न विचारतां गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत पाहावें.

उसाच्या शेतकऱ्यास या विषयांत आणखी एक हितसंबंध आहे, तो इथेनॉलचा. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम आपल्या देशांत सन २००३ सालीं सुरू झाला. सन २०२२ सालीं मिश्रणाचें प्रमाण दहा टक्क्यांवर व सन २०२५ सालीं वीस टक्क्यांवर पोंचलें. साखर कारखान्यांस त्यापासून होणारी प्राप्ति आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. पण ज्याच्या घरीं ऊस आहे त्याच्याच दारांत जुनी मोटारहि आहे, आणि तो म्हणतो कीं गाडी पूर्वींइतकी चालत नाहीं. हिशेब असा आहे. एक लिटर इथेनॉल जळून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश असते. म्हणून वीस टक्के मिश्रणांत लिटरमागें सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. प्रत्यक्ष घट इंजिनाच्या जुळणीप्रमाणें कमीजास्त होते. जी उष्णता इंधनांत मुळांतच नाहीं ती कोणतीहि बाटली निर्माण करूं शकत नाहीं. यासाठीं ‘इथेनॉलचा तोटा भरून काढणारें’ म्हणून जें विकलें जातें त्यावर पैसा घालणें आम्हांस व्यर्थ वाटतें. पाणी शोषून घेणारें म्हणून विकलें जाणारें द्रव्यहि तसेंच. तें बहुधा एक प्रकारचा अल्कोहोल असतो, आणि आजच्या पेट्रोलच्या पांचव्या हिश्शांत अल्कोहोल आहेच. पाणी याहून जास्त झालें तर इथेनॉल पाण्यासह तळाशीं उतरतें व वर निराळें पेट्रोल राहतें. अशी टाकी उपसून धुणें हाच उपाय. इथेनॉल हें स्वतः द्रावक असल्यामुळें जुन्या टाकीच्या तळचा गाळ सोडवितें, म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर एकदां नेहमींपेक्षां लवकर बदलावा व रबरी नळ्या तपासून घ्याव्या. सन २०२३ च्या एप्रिलपासून तयार झालेल्या गाड्यांचे नळ्या-वायसर या मिश्रणास टिकतील असे बनविलेले असतात.

आतां डिझेलकडे वळूं. कारण शेतीचा खरा भार त्यावर आहे. डिझेलच्या इंजिनाचा मुख्य शत्रु काजळी नसून पाणी व धूळ हे आहेत. अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली म्हणजे आंतील दमट हवेचें दंव होऊन तळाशीं उतरतें. पाणी व डिझेल जेथें भेटतात तेथें सूक्ष्म जंतु वाढून शेवाळासारखा काळा लगदा तयार होतो व तो फिल्टर बुजवितो. यावर उपाय बिनखर्चाचा आहे: दिवसाचें काम संपल्यावर संध्याकाळींच टाकी भरून ठेवावी, आणि सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं फिल्टरखालील पेल्याचा स्क्रू सैल करून सांचलेलें पाणी सोडून द्यावें. पिंपांत डिझेल सांठविणारांनीं पिंप किंचित् कलतें ठेवावें, म्हणजे गाळ एका बाजूस बसेल. नवें डिझेल निदान एक दिवस निवूं द्यावें, आणि तळचें चार बोटें डिझेल इंजिनांत कधींहि घालूं नये.

डिझेलमध्यें थोडें टू-स्ट्रोक तेल घालण्याची चाल कित्येक ठिकाणीं आहे. तिच्या मुळाशीं एक खरी गोष्ट आहे. पूर्वींच्या डिझेलांत गंधक अधिक असे, व तें काढून टाकण्याच्या क्रियेंत डिझेलचा नैसर्गिक बुळबुळीतपणा जातो. भारत-३ प्रतीच्या डिझेलांत दहा लक्ष भागांस ३५० भाग गंधक चालत असे, भारत-४ मध्यें ५०, आणि सन २०२० च्या एप्रिलपासून लागू झालेल्या भारत-६ मध्यें फक्त १०. पण ही उणीव शुद्धीकरण-कारखान्यांतच वंगण-द्रव्य मिसळून भरून काढण्यांत येते. घरीं तेल घालण्याचें कारण उरत नाहीं. उलट नव्या गाड्यांच्या धुराच्या नळींत काजळी अडविणारी जी गाळणी असते, तिच्यांत या तेलाची राख सांचते, आणि राख जाळून जात नाहीं.

या गाळणीविषयीं चाकणच्या वाचकांनीं विशेष सावध असावें. इंजिन धावत असतां ती सुमारें सहाशें अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून आंतील काजळी आपोआप जाळण्याची योजना केलेली असते. पण त्यासाठीं गाडी पंधरा-वीस मिनिटें एकसारख्या वेगानें चालली पाहिजे. महाळुंग्याहून निघून चाकणच्या तळेगांव चौकाच्या गर्दींत अर्धा तास उभें राहावयाचें व तेथूनच परतावयाचें, असा ज्या गाडीचा नित्यक्रम, तिची गाळणी बुजणारच. आठवड्यांतून एकदां मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालविणें हें कोणत्याहि बाटलीहून गुणकारी आहे. फक्त गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्या कुटुंबानें डिझेलची मोटार घ्यावी कीं काय, याचाच आधीं विचार करावा, असें आमचें मत आहे.

याहून गंभीर प्रकार युरियाचा. नव्या डिझेल ट्रकांत व कांहीं मोटारींत निराळ्या टाकींत साडेबत्तीस टक्के युरियाचें शुद्ध द्रावण घालावें लागतें. त्यानें धुरांतील विषारी वायु निरुपद्रवी होतात. घरांत युरियाचें पोतें असतां बाजारचें द्रावण कशाला, असा हिशेब करून खताचा युरिया पाण्यांत विरघळवून घालण्याचा मोह होतो. हें करूं नये. सन २०१५ पासून शेतीच्या युरियास निंबोळी तेलाचें लेपन सक्तीचें आहे. तें तेल, खतांतील बाययुरेट व विहिरीच्या पाण्यांतील क्षार यांनीं फवारा बुजतो आणि किंमती उत्प्रेरक निकामी होतो. बाययुरेट खतांत दीड टक्क्यापर्यंत चालतें. या द्रावणांत ०.३ टक्क्याहून अधिक चालत नाहीं. चार कॅन वांचविण्याच्या नादांत दुरुस्तीचा आंकडा लाखाच्या घरांत जाऊं शकतो. शिवाय सवलतीचें खत शेतीखेरीज अन्य कामास वापरणें हा गुन्हा आहे.

हवेच्या फिल्टरबद्दल थोडें. नांगरट व मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टर धुळीच्या लोटांत असतो. तेलाच्या पेल्याचा फिल्टर असेल तर पेल्यांतील तेल चिखलासारखें होण्यापूर्वीं बदलावें व खुणेइतकेंच भरावें; कागदी असेल तर तो उगाच उघडूं नये, आणि हवेनें झाडावयाचा झाल्यास मंद दाबानें आंतून बाहेर झाडावा. रेडिएटरच्या जाळींतील भुसा रोज काढावा. वंगणतेल पुस्तकांत सांगितलेल्या तासांस बदलावें. फार वर्षें दुर्लक्षिलेल्या इंजिनांत ‘फ्लश’ म्हणून मिळणारें पातळ तेल घालण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. त्यानें तळचा घट्ट गाळ एकदम सुटून तेलाच्या पंपाची जाळी बंद होते व इंजिन कोरडें चालतें. अशा इंजिनास साधें चांगलें तेल घालून तें दोन-तीन वेळां लवकर लवकर बदलणें बरें.

राहतां राहिली इंधनाच्या शुद्धतेची गोष्ट. पेट्रोलचा संशय आल्यास पंपावर गाळणकागद मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे. त्यावर एक थेंब टाकावा. शुद्ध पेट्रोल दोनएक मिनिटांत उडून जातें व डाग राहत नाहीं, रॉकेलसारखी भेसळ असेल तर डाग मागें राहतो. पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते, तीहि पाहावी; आणि माप कमी वाटल्यास पांच लिटरचें शासकीय माप मागावें.