रंगीत कवच आणि आंतील रद्दी

मिसर देशांतील ममी म्हणतांच पुष्कळांस राजांची सुवर्णाची शवपेटी आठवते. परंतु सामान्य गृहस्थास ती कोठून परवडणार? त्याच्यासाठीं कारागीर लिननच्या कापडाचे थर सरसानें चिकटवून शवाच्या आकाराचें कवच करीत, वर पांढरा लेप देत आणि तो वाळल्यावर रंगकाम करीत. चेहऱ्यास सोनेरी वर्ख लावीत, कारण देवांची काया सुवर्णाची असते अशी त्या लोकांची श्रद्धा होती. उरावर पंख पसरलेली नूत देवी रेखीत. या कवचास कार्टोनेज म्हणतात.

पुढें इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत, टॉलेमी राजांच्या अमदानींत, कापडाऐवजीं पपायरसची रद्दी वापरण्याचा प्रघात पडला. हिशेब, पत्रें, मृत्युपत्रें, फाटके ग्रंथ, सर्व कांहीं त्यांत गेलें. १८८९-९० सालीं फ्लिंडर्स पेट्री यांस फय्यूम प्रांतांतील गुरोब येथें जीं कवचें मिळालीं, त्यांत प्लेटोच्या 'फीडो' या संवादाचे तुकडे निघाले. ती नक्कल प्लेटोच्या मृत्यूनंतर सुमारें शंभर वर्षांतलीच होती. आत्म्याच्या अमरत्वाची चर्चा करणारा ग्रंथ प्रेताच्या आवरणांत सांपडावा, हा योग विलक्षण खरा!

मात्र अक्षरें हातीं यावयाचीं तर कवच भिजवून थर सुटे करावे लागत. मग वरील चित्र नाहींसें होई. विद्येच्या लोभानें कलेचा असा बळी पडला. अलीकडे निरनिराळ्या प्रकाशकिरणांत छायाचित्रें घेऊन, कवच न मोडतां आंतील मजकूर वाचण्याचे प्रयत्न होत आहेत, हें आम्हांस फार समाधानाचें वाटतें.

आपल्याकडे बडोद्याच्या संग्रहालयांत एक ममी आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनीं ती १८९५ सालीं विकत घेतली. त्याच महाराजांच्या आश्रयानें गांवोगांवच्या हस्तलिखित पोथ्या जमविल्या गेल्या व १९२७ सालीं तेथें प्राच्यविद्यामंदिर स्थापन झालें. परदेशाचें शव पाहण्याची हौस आणि स्वदेशाचीं अक्षरें जपण्याची तळमळ एकाच पुरुषाच्या ठायीं होती, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आमच्या थळास काय, किंवा वाचकांच्या गांवीं काय, जुन्या घरांच्या माळ्यावर रुमालांत बांधलेलीं मोडी दप्तरें व पोथ्या अजून सांपडतात. घराची वांटणी झाली कीं त्यांचा वारस कोणी होत नाहीं. कांहीं वाळवीच्या तोंडीं जातात, कांहीं रद्दींत. मिसरच्या रद्दीस निदान कोरडी वाळू लाभली होती. कोंकणचा पाऊस तितका दयाळू नाहीं. म्हणून वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, रुमाल टाकून देण्यापूर्वीं तो एकदां जाणत्याकडून वाचवून घ्यावा.