निळीच्या धंद्याचे पहिले वर्ष

यावल पूर्वी हातकागद व नीळ यांसाठी, तर जवळचे फैजपूर गडद निळ्या व तांबड्या रंगाईसाठी प्रसिद्ध होते. १८९७ साली जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि झाडाची नीळ मागे पडली. हल्ली नैसर्गिक रंगाच्या कापडास पुन्हा मागणी आहे. परंतु हा धंदा बेताने वाढविला तरच टिकतो.

नीळ हे शेंगवर्गीय पीक असल्याने जमिनीस नत्र मिळते. निचऱ्याची जमीन निवडावी. बियांचे कवच कठीण असते, म्हणून बी वाळूत घासून पावसाच्या आरंभी पेरावे. रंग पानांत असतो. फुले दिसू लागताच कापणी करावी. खोडव्यापासून पुन्हा पाला मिळतो.

ताजा पाला हौदात पाण्याखाली वजनाने दाबून ठेवावा. दहा ते पंधरा तासांनी पाणी हिरवट पिवळे झाले की ते दुसऱ्या हौदात घेऊन घुसळावे. हवेतील प्राणवायूमुळे नीळ तयार होऊन तळाशी बसते. हा गाळ गाळून, उकळून व दाबून त्याच्या वड्या सावलीत वाळवाव्यात. चोथा शेतात खत म्हणून घालावा.

कापलेला पाला साठवून ठेवल्यास रंग घटतो. म्हणून पहिल्या वर्षी एका दिवसात हौदात मावेल तेवढाच पाला कापता येईल, अशा बेताने पेरणी करावी. प्रत्येक कापणीचा पाला व त्यातून निघालेली नीळ यांच्या वजनाची नोंद ठेवावी. पेरणीपूर्वीच रंगारी किंवा विणकर यांच्याशी खरेदीचे बोलणे करावे. या नोंदींत खर्च वजा जाता शिल्लक दिसली, तरच दुसऱ्या वर्षी क्षेत्र वाढवावे.